गाजलेली मालिका पुन्हा कशी उठवावी

एखादी लाडकी विज्ञानमालिका नव्या युगासाठी पुन्हा सुरू करण्याची जबाबदारी आपल्यावर आली असेल, तर प्रथम आपले अभिनंदन आणि लगोलग एक विनंती: भविष्यकाळाचा विचार मनातून काढून टाकावा. तेविसाव्या शतकात काय घडेल याचे प्रेक्षकाला कुतूहल असते, हा समज आता जुना झाला. ओळखीची मंडळी तेथे भेटतील की नाही, एवढीच त्याला काळजी असते. ‘स्टार ट्रेक’च्या अलीकडच्या कर्त्यांनी हे शास्त्र बरेच पुढे नेले आहे, तेव्हा उदाहरणे तेथलीच घेऊ.

१९६६ साली जीन रॉडनबेरी यांची मूळ मालिका सुरू झाली तेव्हा पैशाची चणचण होती. दर आठवड्याला नव्या ग्रहावर यान उतरवून दाखवणे परवडत नव्हते, म्हणून माणसे जागच्या जागी विरून ग्रहावर प्रकट होतील अशी युक्ती काढली गेली आणि पुढे तीच मालिकेची ओळख होऊन बसली. गरिबीतून सुचणाऱ्या असल्या कल्पनांपासून आपण दूर राहावे. आपल्यापाशी पैसा आहे. तो अंधारावर खर्च करावा. प्रकाशाहून वेगवान इंजिन बनवणाऱ्या मानवजातीला जहाजातल्या दिव्याचे बटण मात्र सापडत नाही, असे वाटले म्हणजे गांभीर्य साधले.

कथा सुचत नसेल तर नातेवाईक सुचवावेत. २०१७ च्या ‘डिस्कव्हरी’ या मालिकेने मूळ मालिकेतल्या स्पॉक या लाडक्या पात्राला एक मानलेली बहीण दिली. एका घरात वाढलेल्या या बहिणीचे नाव पन्नास वर्षांत भावाच्या तोंडून एकदाही कसे निघाले नाही, अशी शंका कोणी काढलीच, तर तिला जहाजासकट नऊशेहून अधिक वर्षे पुढे धाडावे आणि तिचा उल्लेख करणे हा राजद्रोह ठरवून टाकावा. दुसऱ्या पर्वाच्या शेवटी नेमके हेच करण्यात आले. आपल्याकडे अडचणीच्या सोयरिकी इतक्या सफाईने कोणाला झाकता आलेल्या नाहीत.

खरे कौशल्य मात्र क्लिंगॉनांच्या, म्हणजे या मालिकांतल्या लढाऊ परग्रहवासीयांच्या, कपाळात आहे. साठच्या दशकातले क्लिंगॉन म्हणजे रंग फासलेली, मिशा लावलेली माणसेच होती. १९७९ च्या चित्रपटात त्यांच्या कपाळावर हाडांच्या वळ्या उगवल्या. १९९६ साली ‘डीप स्पेस नाइन’ या मालिकेच्या एका भागात नायक मंडळी कालप्रवास करून जुन्या काळात गेली, तेव्हा सहकाऱ्यांनी आपल्यातल्या वॉर्फ या क्लिंगॉनाला या फरकाचे कारण विचारले. या विषयावर आम्ही परक्यांशी बोलत नाही, अशा अर्थाचे उत्तर देऊन तो गप्प बसला. एका वाक्यात प्रश्न मिटला आणि हसूही आले. अशी चूक आपण करू नये. २००५ मध्ये ‘एंटरप्राइझ’ या मालिकेने त्यावर दोन पूर्ण भाग खर्चून विषाणूची उपपत्ती मांडली. २०१७ मध्ये ‘डिस्कव्हरी’त सगळ्यांची डोकी तुळतुळीत केली गेली, ओरड झाल्यावर पुढच्या पर्वात केस आले आणि युद्धकाळात आमच्यात मुंडण करतात असा खुलासाही आला. २०२३ मध्ये ‘स्ट्रेंज न्यू वर्ल्ड्स’ने त्यांना पुन्हा चित्रपटांच्या वळणावर नेले. प्रश्न जिवंत ठेवणे म्हणतात ते हेच.

वर्षाला भाग दहाच करावेत. १९८७ साली सुरू झालेल्या ‘द नेक्स्ट जनरेशन’चे पहिले पर्व २६ भागांचे होते, त्यांतले कित्येक पडेल निघाले, पण पडता पडता तिसऱ्या पर्वापर्यंत लेखकांचा हात बसला. १९९२ च्या एका भागात कप्तान पिकार्ड पंचवीस मिनिटे बेशुद्ध पडतो आणि तेवढ्यात एका मृत ग्रहावरचे अख्खे आयुष्य जगून येतो: संसार करतो, नातवंडे बघतो, बासरी शिकतो. आकाशगंगेला काडीचाही धोका नव्हता, तरी त्या भागाला विज्ञानकथांचा ह्यूगो पुरस्कार मिळाला. दहा भागांत असली चैन बसत नाही. प्रत्येक पर्वात सकल सृष्टीच संकटात टाकावी, म्हणजे कोणी पात्रांची चौकशी करत नाही.

राहिले चाहते. ‘पिकार्ड’ या मालिकेच्या तिसऱ्या पर्वात त्यांच्यासाठी जुन्या जहाजाचा ब्रिज, म्हणजे कप्तानाचा नियंत्रणकक्ष, पुन्हा बांधण्यात आला आणि त्यावर पाऊल ठेवल्यावर कप्तानाला सर्वांत आठवण आली ती तिथल्या गालिच्याची. (डोळे माझेही पाणावले, हे येथे नोंदवणे भाग आहे.) तेव्हा अनुभवी कथाकार परवडत नसल्यास चांगला गालिचेवाला गाठावा.

परदेशी चाहत्यांचे फार मनावर घेऊ नये. नोव्हेंबर २०२१ मध्ये ‘डिस्कव्हरी’चे चौथे पर्व अगदी तोंडावर आले असताना ती मालिका अमेरिका आणि कॅनडाबाहेरच्या नेटफ्लिक्सवरून उचलली गेली, आणि पुण्या-मुंबईतले वर्गणीदार रिकाम्या पडद्याकडे बघत राहिले. १९६८ मध्ये चाहत्यांनी पत्रांचा पाऊस पाडून मालिका वाचवली होती. आजचा चाहता शेवटचा भाग संपताच वर्गणी बंद करतो. म्हणून भाग आठवड्याला एकच सोडावा आणि शेवटच्या मिनिटाला मूळ मालिकेतले ‘एंटरप्राइझ’ यान समोर आणून उभे करावे. फेब्रुवारी २०१८ मध्ये ‘डिस्कव्हरी’च्या पहिल्या पर्वाचा शेवट असाच झाला होता, आणि पुढच्या पर्वाला जवळजवळ वर्ष लागले.