सोंगाक खंयचां वय?

परवा घरी आत्यासोबत 'दशावतार' सिनेमा पाहिला. माझा दुसऱ्यांदा, तिचा पहिल्यांदा. ज्यांचा बघायचा राहिलाय त्यांनी पुढचा परिच्छेद गाळा, गोष्ट फोडणार आहे.

बाबुली मेस्त्री हा थकलेला, नजर अधू झालेला दशावतारी, म्हणजे कोकणातल्या दशावतार या लोकनाट्यातला कलाकार. मुलगा गेल्यावर हा म्हातारा अवतारांची सोंगं घेऊन त्याच्या मारेकऱ्यांना एकेक करून संपवतो. धड न दिसणारा माणूस जंगलात बरोब्बर सावज गाठतो आणि पोलीस आपले मागेच. थिएटरात मला हे चांगलंच खटकलं होतं. त्यात बाबुली झालेल्या दिलीप प्रभावळकरांचा जन्म १९४४चा, म्हणजे सिनेमा आला तेव्हा ते ८१ वर्षांचे. आत्याला म्हटलं, या वयात हे शक्य तरी आहे का? टीव्हीवरची नजर न हलवता ती म्हणाली, "तां सोंग गो. सोंगाक खंयचां वय?"

ती कुडाळकडची. जत्रेतले दहीकाले, म्हणजे रात्रभर चालणारे दशावताराचे खेळ बघत वाढलेली. तिथे रंगमंचावर एक बाकडं असतं. तेच सिंहासन, तोच कैलास. लिहिलेली संहिता नसते, संवाद जागच्या जागी सुचतात. राणी झालेल्या बाप्याच्या पावडरीतून दाढीचे खुंट दिसतात. पण तो पदर सावरून रडायला लागला की समोरच्या बायका डोळे पुसतात. नवऱ्यापेक्षा राणी थोराड दिसते, अशी तक्रार मी तरी तिथे कधी ऐकली नाही.

मग मी २०२५चे बाकीचे सिनेमे आत्याच्या मापाने मोजत बसले.

'छावा' घ्या. संभाजीराजे १६८९ मध्ये पकडले गेले तेव्हा औरंगजेब सत्तरीचा. अक्षय खन्ना पन्नाशीच्या आसपास. मेकअपच्या थरांखाली त्याचे नुसते डोळे उरलेत, बोलतोही मोजकंच, तरी तो पडद्यावर आला की आमच्या ओळीतलं पॉपकॉर्न थांबायचं. याला म्हणतात सोंग घेणं. येसूबाईंचं मात्र जमलं नाही. रश्मिकावर लोक जरा जास्तच तुटून पडले, बिचारी मेहनत घेते. पण गंमत बघा, येसूबाईंचे भाऊ गणोजी आणि कान्होजी शिर्के कोण, तर सारंग साठ्ये आणि सुव्रत जोशी. भावांच्या हिंदीला मराठी वळण, बहिणीच्या हिंदीला दाक्षिणात्य. एकाच वाड्यात वाढलेली भावंडं आहेत ही! दिग्दर्शक लक्ष्मण उतेकर आपला माणूस, त्याच्या कानाला हे खटकलं नसेल?

महिन्या-दीड महिन्यात तीच रश्मिका 'सिकंदर'मध्ये सलमानची बायको. त्याचा जन्म १९६५चा, तिचा १९९६चा. यावर पुष्कळ विनोद झाले, मी नवीन करत नाही. ती मरते, तिचे अवयव मुंबईतल्या तिघांना मिळतात आणि राजकोटचा हा राजा त्यांना शोधत मुंबईत येतो. आपल्याकडे अवयवदात्याची आणि ते अवयव मिळालेल्या माणसाची ओळख गुप्त ठेवतात. पण तेही मी सोडून दिलं असतं. बायकोचं हृदय दुसऱ्याच्या छातीत धडधडतंय, ही कल्पना रडवणारी आहे हो! पण समोर राजा नाही, नवरा नाही, सलमानच उभा. सोंगच घेतलं नाही तर आम्ही कुणासाठी रडायचं?

उलट 'सैयारा'त ऐन विशीतल्या पोरीला अल्झायमर. बहुतेकांना साठी-पासष्टीनंतर गाठणारा हा आजार विशीत होणं म्हणजे अगदीच विरळा. तरी मी मुकाट्याने बघितला, कारण दोघं नवी. त्यांच्या चेहऱ्यांवर आधीचं काहीच चिकटलेलं नव्हतं. (रडले नाही. भाची रडली.)

आता 'धुरंधर' बघायचाय. रणवीर चाळिशीत, नायिका विशीत, म्हणजे माझी कुरकुर पहिल्या गाण्यापासून चालू. आत्याला एवढंच सांगितलं की त्यात तुझा औरंगजेब पण आहे. लगेच तयार. फक्त २१४ मिनिटांचा आहे हं, बसवेल ना, असं विचारलं. रात्री बसलेली माणसं दहीकाला संपवून उजाडता घरी जाताना बघितलेली बाई ती. म्हणाली,

"इतक्यात सोंपता?"