बॉस्टनचा चहा महागला नव्हता, स्वस्त होणार होता

व्हॉट्सअ‍ॅपवर एक मजकूर पुन्हा पुन्हा फिरत येतो: ‘इंग्रजांनी चहावरचा कर वाढवला, चहा महागला, म्हणून चिडलेल्या बॉस्टनकरांनी भारतातून आलेला चहा समुद्रात फेकला. त्यांना ब्रिटिश संसदेत जागा हव्या होत्या.’ यातला चहा समुद्रात गेला, एवढंच खरं आहे. इतिहास शिकवणारी माणसंही हे पुढे पाठवतात, म्हणून एकेक दावा तपासतो.

‘कर वाढवला, चहा महागला.’ १७७३ च्या चहा कायद्याने नवा कर लावलाच नाही. पौंडामागे तीन पेन्सची जकात १७६७ च्या कायद्यातली होती. काच, कागद, रंग, शिसं यांच्यावरची जकात १७७० मध्ये उठली, चहावरची मात्र संसदेने मुद्दाम ठेवली. कर बसवण्याचा हक्क आपला आहे हे दिसत राहावं म्हणून. १७७३ मध्ये झालं ते उलटंच. ईस्ट इंडिया कंपनीला इंग्लंडात भरलेली जकात परत मिळू लागली आणि लंडनच्या लिलावाला वळसा घालून माल थेट अमेरिकेत पाठवायची मुभा मिळाली. चोरून येणाऱ्या डच चहाशी टक्कर देईल इतका हा चहा स्वस्त पडणार होता.

मग राग कशाचा? त्यासाठी ‘गव्हर्नर’ हा शब्द नीट समजून घ्यावा लागतो. आपल्या डोळ्यांसमोर कंपनी सरकारचा गव्हर्नर जनरल येतो, रयतेला जाब न देणारा. बॉस्टन अमेरिकेतल्या ज्या ब्रिटिश वसाहतीत होतं, त्या मॅसॅच्युसेट्सचा गव्हर्नर १६९१ च्या सनदेप्रमाणे राजाच नेमायचा, पण त्याचा पगार मंजूर करायची ती वसाहतीची विधानसभा. ती निवडायचा हक्क मालमत्ता असलेल्या पुरुषांनाच होता, गुलामांना आणि बायकांना नव्हता, हेही विसरू नये. तरी राजाच्या माणसाला लगाम होता तो हाच. जकातीच्या उत्पन्नातून गव्हर्नर आणि न्यायाधीशांचे पगार द्यायची तरतूद झाली आणि १७७२ पासून तिथला गव्हर्नर थॉमस हचिन्सन याला पगारासाठी विधानसभेकडे पाहायची गरज उरली नाही. स्वस्त चहा विकत घेणारा प्रत्येक जण आपल्याच सभेचा लगाम सैल करणार होता. मला तर सगळ्या प्रकरणाचं मर्म इथेच दिसतं.

त्यातच बॉस्टनमध्ये हा चहा उतरवून घ्यायला कंपनीने जे मोजके अडते नेमले, त्यांत हचिन्सनचे दोन मुलगे होते. वीस दिवसांत जकात भरली नाही तर कस्टमवाले माल जप्त करणार होते. ‘डार्टमथ’ जहाजाची मुदत संपायच्या आदल्या रात्री, १६ डिसेंबर १७७३ ला, तीन जहाजांवरच्या ३४२ पेट्या फोडून पाण्यात रिकाम्या केल्या गेल्या.

‘भारतातून आलेला चहा.’ नाही, तो चिनी होता, कॅन्टनहून लंडनच्या वखारींत आलेला. आसामचा चहा लंडनच्या लिलावात पहिल्यांदा आला तो १८३९ मध्ये. भारताचा संबंध आहे, पण वेगळा आणि फार दुःखाचा. कंपनी तेव्हा बुडायला आली होती. लष्करी खर्च आणि भागधारकांना वाटलेला नफा डोईजड झाला होता, वखारींत न विकलेला चहा साठला होता आणि १७७० च्या दुष्काळात तिच्या महसुलाचं मूळ असलेला बंगाल उपासमारीने उद्ध्वस्त झाला होता. १७७३ मध्येच तिला सरकारकडून १४ लाख पौंडांचं कर्ज घ्यावं लागलं. चहा कायदा हा तिला वाचवण्याच्या त्याच खटपटीतला.

‘संसदेत जागा हव्या होत्या.’ ‘प्रतिनिधित्वाशिवाय कर नाही’ या घोषणेचा हा सरळ वाटणारा पण चुकीचा अर्थ. १७६५ मध्ये न्यूयॉर्कला जमलेल्या नऊ वसाहतींच्या प्रतिनिधींनी ठरावातच म्हटलं होतं की आम्हाला कॉमन्स सभेत प्रतिनिधित्व नाही आणि आमच्या परिस्थितीमुळे ते असूही शकत नाही. कर बसवायचा तो आमच्या विधानसभांनीच.

भांडण कशाचं होतं हे लंडनलाही कळत होतं. १७७४ मध्ये संसदेने बॉस्टनचं बंदर बंद केलंच, शिवाय १६९१ ची सनद बदलली. विधानसभेच्या वरच्या मंडळाचे सभासद आता राजा नेमणार, आणि गावोगावच्या नगरसभा वर्षातून एकदाच. त्याहून जास्त भरवायच्या तर गव्हर्नरची लेखी परवानगी हवी.