ट्रिम न बघता रिमॅप? ‘इ२०मुळेच कोड येतो’ या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

पी०१७१ (इंजिनात हवेच्या मानाने पेट्रोल कमी, म्हणजे ‘लीन’, असं सांगणारा एरर कोड) वरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत की टर्बो किट बसवलेल्या गाडीला लीनचा कोड इ२० (२० टक्के इथेनॉलच्या) पेट्रोलमुळे येतो, रिमॅप मारला (इंजिनच्या कॉम्प्युटरमधले आकडे बदलले) की विषय संपतो आणि स्मोक टेस्ट (पाइपांत धूर भरून गळती शोधणं) हे ‘गिऱ्हाईक कापायचे धंदे’ आहेत.

मतभेदाचं काही नाही, पण ‘धंदे’ हा शब्द लागला. मॉडिफाय केलेल्या गाड्या ट्यून करण्यातच माझी उमेदीची वर्षं गेली. आधी तपासणी, मग लॅपटॉप हा क्रम मी धरतो तो गिऱ्हाइकाचा खर्च वाचावा म्हणूनच. अनोळखी माणसाच्या हेतूवर बोट ठेवण्याआधी लेख शेवटपर्यंत तरी वाचायचा होता.

एक मान्य करतो. स्मोक टेस्टचं प्रेशर मी लिहायला हवं होतं. १ पीएसआयपर्यंत पुरे. मात्र फक्त बूस्टमध्ये (टर्बो हवा दाबून भरतो तेव्हा) उघडणारा जोड एवढ्यावर धूर सोडत नाही. त्यासाठी टर्बोचं तोंड बंद करून गाडी जेवढा बूस्ट करते तेवढी हवा भरावी लागते.

आता इ२०. शुद्ध पेट्रोलच्या १ किलोला १४.७ किलो हवा लागते, इ१०ला सुमारे १४.१ आणि इ२०ला सुमारे १३.५. म्हणजे इ१०वरून इ२०वर गेल्यावर इंधन वाढतं जेमतेम चार-साडेचार टक्के. कोड पडतो तो ट्रिम (कॉम्प्युटर स्वतःहून पेट्रोल किती टक्के वाढवतो-घटवतो तो आकडा) साधारण २०-२५ टक्क्यांवर गेल्यावर. मधले पंधरा-वीस टक्के कुठून आले, हे तुम्ही सांगितलंच नाहीत.

ते बहुतेक वेळा तुम्ही बसवलेल्या पार्टांतूनच येतात. मूळ एमएएफ (आत जाणारी हवा मोजणारा सेन्सर) ७० मिमी पाइपात होता आणि किटमध्ये तोच सेन्सर ७६ मिमी पाइपात बसवला, तर पाइपाचं क्षेत्रफळ १८ टक्क्यांनी वाढतं. हवा सेन्सरवरून हळू जाते, तो १५ टक्के कमी मोजतो आणि ट्रिम चढते +१८च्या आसपास. त्यावर इ२०चे चार पडले की कोड हजर! इथे एमएएफचं स्केल बदलणारा रिमॅप हेच खरं औषध आहे. पण लीक नाही हे दिसल्यानंतरच.

कारण लीकची खूण वेगळी असते. इंजिन गरम करून शॉर्ट (त्या क्षणाची) आणि लाँग (शिकून साठवलेली) ट्रिमची बेरीज बघा. आयडलला +२२ आणि २५०० आरपीएमला +५ दिसली, तर हवा थ्रॉटलनंतर, इंजिनच्या बाजूने शिरते आहे. सगळ्यात आधी कॅच कॅन (इंजिनच्या वाफांतलं तेल अडवणारा डबा) पाहा. वर ब्रीदर फिल्टर लावलाय आणि पीसीव्हीची (इंजिनातल्या वाफा ओढणारी) नळी मॅनिफोल्डलाच (थ्रॉटलनंतरच्या हवेच्या पाइपांना) जोडलेली आहे, अशा गाड्या सर्रास दिसतात. न मोजलेली हवा थेट आत जाते. बूस्टमध्ये मात्र तीच हवा बाहेर पळते (चेक व्हॉल्व्ह नसेल तर) आणि गाडी रिच होते (पेट्रोल जास्त पडतं). अशा गाडीला सरसकट वीस टक्के पेट्रोल वाढवून दिलं, तर बूस्टमध्ये काय होईल ते तुम्हीच सांगा.

ट्रिम आयडलला ठीक आणि लोडला चढत असेल, तर पेट्रोलचा पंप, फिल्टर किंवा प्रेशर रेग्युलेटरची व्हॅक्यूम नळी. मॅनिफोल्ड-रेफरन्स (मॅनिफोल्डच्या प्रेशरप्रमाणे पेट्रोलचं प्रेशर बदलणारा) रेग्युलेटर असेल तर ३ बार बेसवर १ बार बूस्टला रेलमध्ये (इंजेक्टरना पेट्रोल देणाऱ्या नळीत) ४ बार दिसायलाच हवेत. ते मिळत नसताना कोड दाबून गाडी पळवली, तर नॉकिंगने (पेट्रोल अवेळी पेटून) पिस्टन जातो.

डाउनपाइपची (टर्बोनंतरच्या एक्झॉस्ट पाइपाची) गॅस्केट पुढच्या ऑक्सिजन सेन्सरच्या आधी फुंकत असेल, तर सेन्सर खोटं लीन दाखवतो. तेव्हा रिमॅप करणं म्हणजे खोट्या आकड्यावर पेट्रोल ओतणं.

किटच्या ब्रँडबद्दल आणि माझ्या ‘पुस्तकी’ भाषेबद्दल जे लिहिलंत त्यावर मी बोलणार नाही. तुमच्या गाडीचे आयडलचे, २५०० आरपीएमचे आणि चढावर तिसऱ्या गिअरमधले ट्रिमचे आकडे, शिवाय इनटेक पाइपाचा आतला व्यास एवढं इथे लिहा. त्यावरून पुढे बोलू.