स्टेरॉइड कधी? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. ‘विषाणू साधाच होता, माणसं स्टेरॉइडनं गेली. माझ्या भावाला तापाच्या दुसऱ्याच दिवशी त्या गोळ्या दिल्या आणि तुम्ही लिहिता, स्टेरॉइडनं जीव वाचले!’ कोरोनावरच्या माझ्या लेखाखालची ही आपली प्रतिक्रिया काल रात्री वाचली. भाऊ गेल्याचं दुःख मोठं आहे. आपला रागही रास्त आहे, कारण स्टेरॉइड, म्हणजे दाह आणि प्रतिकारशक्ती दाबणारं औषध, कधी द्यायचं हे मी लेखात लिहिलंच नव्हतं.

पण विषाणू साधा होता, हे मला पटत नाही. फुप्फुसात उतरल्यावर तो वायुकोशांच्या (हवेच्या सूक्ष्म पिशव्यांच्या) अस्तरातल्या ज्या पेशींत शिरतो, त्याच पेशी वायुकोश मिटू नयेत म्हणून एक स्निग्ध द्रव बनवतात. त्या मेल्या की वायुकोश मिटतात, त्यांत पाणी भरतं आणि रक्तातला ऑक्सिजन घटतो. कार्बन डायऑक्साइड मात्र बराच काळ बाहेर पडत राहतो, आणि धाप लागते ती मुख्यतः तो साचला की. म्हणून तर ऑक्सिमीटर ८२ इतका कमी ऑक्सिजन दाखवत असतानाही माणसं फोनवर नीट बोलायची आणि घरचे गाफील राहायचे.

पहिल्या आठवड्यात लढाई विषाणूशी असते. तेव्हा शरीराला इंटरफेरॉन, म्हणजे विषाणूला रोखणारं त्याचं स्वतःचं प्रथिन, लागतं. २०२० मध्ये तपासलेल्या ९८७ अत्यवस्थ रुग्णांपैकी १०१ जणांच्या रक्तात इंटरफेरॉनलाच निकामी करणारी प्रतिपिंडं आढळली होती. या दिवसांत स्टेरॉइड देणं म्हणजे उरलीसुरली प्रतिकारशक्तीही दाबणं. दुसऱ्या आठवड्यात चित्र बदलतं: विषाणू ओसरू लागतो, पण काहींच्या शरीरात दाह भडकतो, रक्तवाहिन्यांचं अस्तर सुजतं, गुठळ्या होतात. स्टेरॉइडचं काम इथे. ब्रिटनमधल्या ‘रिकव्हरी’ नावाच्या औषधचाचणीत (जून २०२०) रोज ६ मिलिग्रॅम डेक्सामेथासोन या स्टेरॉइडनं व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशानं आणि नुसत्या ऑक्सिजनवर असलेल्यांचे एक पंचमांशानं घटले. ज्यांना ऑक्सिजन लागलाच नव्हता, त्यांना काहीही फायदा झाला नाही.

म्हणजे आपल्या भावाला गोळ्या जून २०२० नंतर दिल्या असतील, तर तेव्हा हे माहीत होऊन गेलेलं होतं. दुसऱ्या लाटेत आपल्याकडे म्युकरमायकोसिस (काळी बुरशी) हा आजार पसरला, त्यातही बेहिशेबी स्टेरॉइड आणि वाढलेली साखर यांचा मोठा हात होता. भावाचा मृत्यू त्या गोळ्यांमुळेच झाला का, हे केसपेपर न पाहता मी म्हणणार नाही. पण दुसऱ्या दिवशी, ऑक्सिजन लागत नसताना, त्या द्यायला नको होत्या, हे स्पष्ट म्हणते.

लेखातलं ते वाक्य आज बदललं आहे: ‘ऑक्सिजन लागलेल्या रुग्णांचे जीव स्टेरॉइडनं वाचले.’