चरूट का अडतो: एका आक्षेपाला उत्तर

नमस्कार. लिनक्सवर जीलिबसी (थोडक्यात लिबसी), म्हणजे जवळजवळ प्रत्येक प्रोग्रामला लागणारी मूळ लायब्ररी, मोडली तर काय करावं, यावर मी लेख लिहिला होता. त्यावर ‘उघडं टर्मिनल जपा, रीबूट करू नका, असं घाबरवता कशाला? लाइव्ह यूएसबी लावा, चरूट करा, जीलिबसी पुन्हा टाका, झालं,’ असं तुम्ही लिहिलंत. लाइव्ह यूएसबीचा, म्हणजे पेनड्राइव्हवरच्या लिनक्सवरून संगणक सुरू करण्याचा, मार्ग मी लेखात फार थोडक्यात उरकला, हे मान्य. पण चरूट, म्हणजे डिस्कवरच्या सिस्टिमला रूट मानून तिच्यात शिरणं, तिथे चालत नाही.

चरूट केल्यावर सुरू होतो तो डिस्कवरचा बॅश (कमांड घेणारा शेल), आणि त्याला लागते डिस्कवरचीच मोडलेली लिबसी. लोडर (प्रोग्रामला लायब्ररी जोडून देणारी फाइल) गायब असेल तर ‘नो सच फाइल ऑर डिरेक्टरी’ असा संदेश येतो आणि माणूस बॅश शोधत बसतो. बॅश जागेवरच असतो. कर्नलला (लिनक्सच्या गाभ्याला) सापडत नसतो तो लोडर.

म्हणून आधी दुरुस्ती बाहेरून. डिस्कवरचं पार्टिशन माउंट करा, म्हणजे जोडून घ्या. त्याच डिस्ट्रोचं (लिनक्सच्या त्याच वितरणाचं), त्याच आर्किटेक्चरचं लिबसी पॅकेज आणा; अपग्रेड अर्धवट झालं असेल तर नव्या आवृत्तीचंच, कारण बदललेले प्रोग्राम जुनीवर चालतीलच असं नाही. ते रिकाम्या फोल्डरमध्ये उलगडा आणि लोडरसकट सगळ्या लायब्ररी जागच्या जागी कॉपी करा. थेट रूटवर उलगडू नका: हल्ली ‘लिब’ ही बहुधा सिमलिंक (दुसऱ्या जागेकडे नेणारा दुवा) असते, तिच्या जागी खरी डिरेक्टरी बसली तर दुखणं वाढतं. आता चरूट चालेल. आत जाऊन तेच पॅकेज रीतसर इन्स्टॉल करा, म्हणजे पॅकेज डेटाबेसही जुळेल.

एलडी लायब्ररी पाथ (लायब्ररी कुठे शोधायची ते सांगणारी सेटिंग) बदलून जुनी लिबसी दाखवावी, हेही तुम्ही सुचवलंत. त्याने लायब्ररी बदलते, लोडर तोच राहतो. दोन्ही एकाच बिल्डचे नसले की बहुतेकदा सेगमेंटेशन फॉल्ट, म्हणजे प्रोग्राम कोसळतो. त्याऐवजी जुना लोडरच थेट चालवा, त्याला लायब्ररी पाथचा पर्याय द्या आणि पुढे हवी ती कमांड. सुडो (रूटचे, म्हणजे प्रशासकाचे, अधिकार देणारी कमांड) मात्र असा चालत नाही, लोडरमार्फत चालवला की त्याचा सेटयूआयडी (फाइलच्या मालकाच्या अधिकाराने चालण्याची खूण) लागूच होत नाही. उघडं रूट शेल जपायचं ते यासाठी. तिथे एलएस (फाइलींची यादी देणारी कमांड) मेलं तरी इको आणि तारांकन फाइली दाखवतात, कारण इको बॅशमध्येच आहे. लिबसीची सिमलिंक तुटली असेल आणि डिस्ट्रोने एसएलएन (सिमलिंक बनवणारं छोटं साधन) दिलं असेल, तर ते स्टॅटिक (बाहेरची लायब्ररी न लागणारं) असल्याने चालतं. २०२१ च्या २.३४ आवृत्तीपासून मात्र लिबसी ही सिमलिंक नसून थेट फाइल आहे, तिथे एसएलएनचा उपयोग नाही.

आणि रीबूट? इनिटरॅमएफएसकडे (सुरुवातीला मेमरीत उघडणाऱ्या छोट्या सिस्टिमकडे) स्वतःची लिबसी असते, त्यामुळे सुरुवात नीट होते. मग डिस्कवरचा सिस्टिमडी (बाकी सगळं सुरू करणारा पहिला प्रोग्राम) सुरू होताच कर्नल पॅनिक, म्हणजे सगळं थांबतं. त्या संदेशात एक्झिटकोडच्या शेवटी ७एफ०० दिसलं, तर ते म्हणजे १२७ (हेक्समध्ये ७एफ): लोडर चालला, पण त्याला लायब्ररी जोडता आली नाही.