टायर वेगळे, मग क्रमांक कसला?

मासिकांच्या पिकअप तुलना निःपक्ष असतात, हे लेखातलं म्हणणं अजिबात पटलं नाही. कंपनी पाठवेल तीच गाडी तपासली जाते. एकीला जाड खाचांचे ऑल-टेरेन टायर, दुसरीला साधे रस्त्याचे. मग ब्रेक लावल्यावर कमी अंतरात थांबल्याचे गुण गाडीला की टायरला?

त्यात चाचणीवेळी मागचा मालाचा हौदा रिकामा! होंडा रिजलाइन मोनोकॉक, म्हणजे सांगाडा आणि बॉडी एकच, मागच्या दोन्ही चाकांना स्वतंत्र सस्पेन्शन, ती मऊ चालणारच. निसान फ्रंटियरचे मागचे पाटे (पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगा) रिकाम्या गाडीत प्रत्येक खड्ड्यावर उडवतात, पण 400 किलो माल टाका, तीच गाडी शांत बसते. शिवाय रिजलाइन मागे जोडलेला ट्रेलर ओढते जास्तीत जास्त 5000 पौंडांचा, जीप ग्लॅडिएटर योग्य पॅकेज घेतलं तर 7700 पौंडांचा. पिकअप घेणाऱ्याला हेच तर हवं असतं! सारखे टायर लावा, माल भरा, मग क्रमांक द्या.