तिथं बसून तुला काय कळतंय

नांदणीच्या हत्तिणीचा विषय निघाला की कोल्हापूरच्या कुठल्याही व्हॉट्सॲप ग्रुपवर तिसऱ्या-चौथ्या मेसेजला एक वाक्य ठरलेलं असतं: "भावा, तिथं बसून तुला काय कळतंय?" नांदणीच्या जैन मठाची ही हत्तीण, महादेवी, प्राणीमित्रांच्या तक्रारीवरून जुलै 2025 मध्ये कोर्टाच्या आदेशानं जामनगरला वनतारा या अंबानींच्या प्राणी केंद्रात गेली. शिरोळ तालुक्यातल्या त्या मठाच्या गावापासून कोल्हापूरच्या कलेक्टर कचेरीपर्यंत हजारो माणसं मूकपणे चालली, अंबानींच्या जिओची सिमकार्डं पोर्ट झाली. ते सगळं समजण्यासारखं आहे. खुपतं ते वेगळंच. "पलीकडचे काय म्हणतात ते एकदा ऐकू तरी" असं जो म्हणाला तो फितूर ठरला. प्राणीमित्रांच्या ग्रुपवरही तेच, फक्त उलट्या बाजूनं: मठाचं ऐकून घेणारा तो अंधश्रद्ध.

इथं नेदरलँड्समध्ये, उट्रेख्तला, फेएफएईच्या म्हणजे इमारतीतल्या घरमालकांच्या सोसायटीच्या मीटिंगमध्ये छपराच्या इन्सुलेशनचा खर्च असो की सायकलींची शेड, आधी टेबलाभोवती एक फेरी होते. प्रत्येकाचं म्हणणं लिहून घेतात, मधे कुणी तोंड घालत नाही. एका कॉफीवर आणि एका बिस्किटावर दीड तास निघतो. आमच्याकडं मिसळीची दुसरी तर्री येईपर्यंत निकाल लागलेला असतो. खटक्यावर बोट, जाग्यावर पलटी!

गंमत अशी, की हे शिकायला आपल्याला नेदरलँड्सची गरजच नव्हती. अनेकान्तवाद, म्हणजे सत्याला अनेक बाजू असतात हा विचार, जैन परंपरेचा, आणि भांडण जैन मठाच्या हत्तिणीवरून. त्यातल्या सप्तभंगीत, म्हणजे एकाच गोष्टीबद्दलच्या सात तऱ्हेच्या विधानांत, प्रत्येक विधानाला 'स्यात्' जोडतात. त्याचा अर्थ 'कदाचित' असा गुळमुळीत नाही, 'एका अपेक्षेनं' असा नेमका आहे. कुठल्या बाजूनं बघून बोलतोय ते आधी सांग, मग बोल. आंधळे आणि हत्तीची गोष्ट तर पोरासोरांना पाठ. पण त्या गोष्टीत एकही आंधळा शेजारच्याला विचारत नाही, "तुझ्या हाताला काय लागतंय?" आणि गोष्ट सांगणारा स्वतःला नेहमी डोळस समजतो.

इथंच नेहमीचा सल्लाही फसतो. 'दुसऱ्याच्या जागी स्वतःला ठेवून बघा' असं सगळे सांगतात. ताल इयाल, मेरी स्टेफेल आणि निकोलस एप्ली या तिघा संशोधकांनी 2018 मध्ये 25 प्रयोगांचा निष्कर्ष मांडला: नुसती कल्पना केल्यानं समोरच्याच्या मनातलं जास्त अचूक कळत नाही. अचूकता उलट थोडी घटते, आणि आपला आत्मविश्वास मात्र कधी कधी वाढतो. कारण साधं आहे. त्याच्या जागी जाताना आपण आपलं सगळं गाठोडं बरोबर नेतो, आपली माहिती, आपली भीती, आपला राग. उपयोग झाला तो थेट विचारण्याचा.

विचारायच्या आधी मात्र स्वतःची झडती घ्यावी लागते. त्याला वहीचं एक पान आणि वीस मिनिटं पुरतात. वर आपलं मत एका वाक्यात लिहायचं, 'आणि' न वापरता. 'आणि' आला की ती दोन मतं असतात. शेजारी शंभरपैकी किती खात्री, तो आकडा. खाली एकच ओळ: काय दिसलं तर हा आकडा वीसनं खाली येईल? ही ओळ कोरी राहिली तर ते मत नव्हे, ती आपली ओळख आहे. ओळखीवर वाद घालून कुणी जिंकत नाही. ते कळलं तरी पान सत्कारणी लागलं.

मग पानाचे तीन उभे रकाने करायचे: दिसलं काय, मी अर्थ काय लावला, मला वाटलं काय. बहुतेक जण पहिल्याच रकान्यात चुकतात. 'हत्तीण रडली' हे पहिल्या रकान्यात बसत नाही. दिसलं ते डोळ्यातून ओघळणारं पाणी. हत्तीला आपल्यासारखी अश्रुग्रंथी नसते, आणि डोळ्यातलं पाणी नाकात उतरवणारी नळीही नसते. डोळा ओला ठेवणाऱ्या दुसऱ्या ग्रंथीचा द्राव मग गालावरून वाहतो. यावरून तिला दुःख झालं नाही असं ठरत नाही, एवढंच की त्या पाण्यावरून ते ठरत नाही. उलट बाजूलाही हाच चाप लावा. बांधलेला हत्ती एका लयीत डोलतो. भक्ताला त्यात आनंद दिसतो, प्राणीमित्राला फक्त यातना. असं डोलणं बंदिवासातल्या ताणाचं लक्षण मानतात हे खरं, पण चाऱ्याची वेळ झाली की हत्ती जास्त डोलतात हेही दिसतं. व्हिडिओ किती वाजताचा, हे विचारलं कुणी?

दुसरी झडती 'कसं'ची. रोझेनब्लिट आणि काइल या मानसशास्त्रज्ञांनी 2002 मध्ये दाखवलं की कपड्याची चेन, कुलूप, संडासाचा फ्लश कसा चालतो हे आपल्याला नीट कळतं असं माणसं सांगतात, पण पायरी-पायरीनं लिहायला बसवलं की त्यांचे स्वतःला दिलेले गुण खाली येतात. 'मठातच उपचार झाले असते' म्हणणाऱ्यानं लिहावं: तीन टनांच्या आसपासच्या जनावराचे पाय रोज कोण धुणार, नखं कोण तासणार, काँक्रीट काढून मऊ माती किती जागेत टाकणार, दिवसाचा दीडशे किलो चारा कुठून, तिला दुसऱ्या हत्तीची सोबत कशी मिळणार. 'तिथं ती सुखात आहे' म्हणणाऱ्यानंही लिहावं: सुख कशावरून मोजलं, आणि कुणी?

आता विचारणं. 'का' हा शब्द पहिली दहा मिनिटं बंद. 'का' म्हटलं की माणूस वकील होतो. 'कधीपासून', 'तेव्हा काय चाललं होतं', 'यात सगळ्यात जास्त काय गमावल्यासारखं वाटतं' असं विचारलं की माणूस आठवायला लागतो. तीन मिनिटं त्याची, मधे बोलायचं नाही. मग मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स यांनी 1951 मध्ये सांगितलेला नियम: त्याचं म्हणणं आणि त्यामागची भावना त्याला पटेल अशी परत मांडल्याशिवाय आपला मुद्दा काढायचा नाही. "व्हय, हेच म्हणतोय" हे ऐकू येईपर्यंत थांबायचं. पहिल्या खेपेला ते क्वचितच येतं. बिघडतं ते दोन ठिकाणी. 'म्हणजे तुझं म्हणणं असं की' हे आवाज चढवून म्हटलं की ती उलटतपासणी होते. आणि 'पटतंय, पण' मधला 'पण' आधीचं सगळं पुसून टाकतो. तिथं पूर्णविराम द्यावा, घोटभर चहा घ्यावा, मग आपलं सुरू करावं. याला मवाळपणा म्हणणाऱ्यांनी तालमीत जाऊन बघावं. जोडीदाराकडून डाव मारून घेतल्याशिवाय तोड शिकता येत नाही, आणि डाव मारून घेणाऱ्याला वस्ताद फितूर म्हणत नाही.

डच लोक हे सगळं पाळतात, असं वर सुचवून झालं. ते पुरतं खरं नाही. 2017-18 च्या हिवाळ्यात फ्लेव्होलँड प्रांतातल्या ओस्टफार्डर्सप्लासन या राखीव निसर्गक्षेत्रात तीन हजारांहून जास्त घोडे, हरणं, गुरं उपासमारीनं मेली किंवा मरणाच्या वाटेवर असताना गोळी घालून मारली गेली. लोकांनी कुंपणावरून गवताचे भारे टाकले, वनरक्षकांना धमक्या दिल्या. 'निसर्ग असाच असतो' म्हणणारे एका बाजूला, 'तुम्ही उपाशी मारताय' म्हणणारे दुसऱ्या. तेव्हा टेबलाभोवती फेरी वगैरे झाली नाही. छपराच्या इन्सुलेशनवर शांत राहणं सोपं असतं. जिव्हाळ्याचं जनावर आलं की शिरोळ काय आणि फ्लेव्होलँड काय.

आणि फेएफएईच्या त्या सभेत सगळे ऐकून घेतात, पण संपल्यावर "जेवूनच जा" कुणी म्हणत नाही. तिथल्या माझ्या शहाणपणाची किंमत मला द्यावी लागत नाही, कारण तिथं माझं काही गमावण्यासारखं नाही.

मग माझंही पान मांडायला हवं. मत: कोल्हापूरकर दुसऱ्याचं ऐकून घेत नाहीत. खात्री: लिहायला बसताना ऐंशी. दिसलं काय: मोबाइलवरचे मेसेज. नांदणीतल्या किती माणसांना विचारलं: शून्य. म्हणजे वरचं निम्मं इथल्या खिडकीत बसून केलेली कल्पना आहे, आणि कल्पनेनं कधी कधी फक्त आत्मविश्वास वाढतो हे मीच वर लिहिलंय. आकडा पन्नासवर आणला आहे. "तिथं बसून तुला काय कळतंय" याच्या शेवटी प्रश्नचिन्ह असतं, ते मी इतकी वर्षं उद्गारचिन्ह म्हणून वाचत आलो.

नांदणीत विचारायचा पहिला प्रश्न तयार आहे: हत्तीण तुमच्या दारात शेवटची कधी आली होती, आणि तेव्हा घरात काय चाललं होतं? अडचण एवढीच, की उत्तराआधी तो माणूस विचारणार, "पावणं, तुम्ही कुठलं?"